काकूंच्या बशीखालचा कोपरा

२ जून
आणि वर मलाच विचारतात, गठ्ठे कमी का! कमी नाही होणार तर काय? गठ्ठ्यांवरची लेबलं निघतात कॉम्प्युटरमधून, आणि कॉम्प्युटर सकाळपासून शब्द शोधत बसलेला. एकदा तो शोधायला बसला की हाक मारायची सोय नाही. माउस हलवला तरी रुसतो. मग गठ्ठा कुठल्या गावाला जायचा ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखू? हेच मी गेल्या महिन्यात बोललो. त्याच्या आधीच्या महिन्यातही बोललो. मालक तेव्हा म्हणाले, तू दोरी बांध. आजही म्हणाले, तू दोरी बांध. माणसाच्या बोलण्यात काही सुधारणा?

आमचा छापखाना शब्दकोड्यांची पुस्तकं काढतो. (हे मी मलाच का सांगतोय? असू दे. पुढे मोठा झालो की आठवायला बरं.) पानावर चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर, आणि त्या गर्दीत शब्द लपवलेले. आडवे, उभे, तिरके, उलटे. खाली शब्दांची यादी. वाचकाने शोधायचे. नाही सापडले तर पुस्तकाच्या शेवटी उत्तरं. जाळ्या बनवतात कोडेवाल्या काकू, कागदावर, हाताने. उत्तरं मात्र प्रोग्राम शोधतो, कारण काकूंचं म्हणणं, मला लपवायचे पैसे मिळतात, शोधायचे नाही. प्रोग्राम लिहिला मालकांच्या भाच्याने. लिहिला आणि शिकायला लांब निघून गेला. मागे आम्ही आहोत निस्तरायला.

ठराव : तो प्रोग्राम मी फास्ट करणार. दोरीही बांधणार, पण मनाने नाही.

३ जून
मालकांना सांगितलं. हसले. बिलं करणाऱ्या ताई हसल्या. कागद कापणारा हसला, त्याला तर ऐकूही आलं नव्हतं. मालकांनी विचारलं, शिकलायस किती? म्हटलं, आठवी. नववीतही होतो, पण नववी माझ्यात नव्हती. पण फोनवर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकतोय. व्हिडिओ संपत आलेत, फक्त अवघड अवघड राहिलेत.

मालक म्हणाले, बरं. मी डबा उघडताना प्रोग्राम सुरू करायचा. मी जेवून हात धुवेपर्यंत सगळी उत्तरं आली तर तुला कॉम्प्युटरच्या टेबलावर बसवतो, पगारही टेबलाचा. (सध्या मालक जेवतात, हात धुतात, झोपतात, उठून आम्हाला ओरडतात, तरी तो शोधतच असतो.) विचारलं, आणि नाही झालं तर? म्हणाले, तर दोरी आहेच.

चेष्टेने बोलले असं ताईंचं मत. चेष्टेने असो, तोंड त्यांचंच ना.

घरी फोन. धाकटीच्या कॉम्प्युटर डिप्लोमाची फी पंधरा हजार, महिनाअखेरपर्यंत. बाबांचं म्हणणं, पुरे झालं शिक्षण, मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसेल. मी सांगितलं, बाबा, तुम्ही त्यात पडू नका. तुमचा मुलगा आता प्रोग्रामर आहे, पूर्ण फी मी पाठवतो. आई रडली. बाबांनी विचारलं, म्हणजे दोरी सुटली का? धाकटीने फोन घेतला. विचारते, दादा, प्रोग्राम कुठल्या भाषेत आहे? म्हटलं, इंग्रजीत, दुसऱ्या कुठल्या असणार! तिने फोन परत आईकडे दिला. दबली असावी.

५ जून
चष्मा घेतला. निळसर काचेचा, बिननंबरी. सगळे प्रोग्रामर घालतात. हप्त्यावर.

प्रोग्राम चालताना आज नीट बघितला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं नुसती धो धो पळतात. प्रत्येक चौकट बघतो आणि बघितली म्हणून लिहितो. असा प्रामाणिक नोकर माणसांत मिळणार नाही. पण हळू.

धाकटीला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. बघितलेली प्रत्येक चौकट तो पडद्यावर लिहितो, हे ऐकून ती ओरडलीच. दादा, ते आधी बंद कर, वेळ तिथेच जातोय! आणि पहिलं अक्षर जुळलं नाही तर तिथल्या तिथे सोडून द्यायचं, पुढची अक्षरं कशाला तपासतोय तो?

हसलो. लहान आहे अजून. पडद्यावर काही हललं नाही तर काम चाललंय हे मालकांना कळणार कसं? आणि अर्ध्यातून सोडून द्यायचं म्हणजे? आपल्या घराण्यात अशी कामं कोणी केली नाहीत. (मी नववी सोडली, ती वेगळी गोष्ट.)

७ जून
दोष सापडला. भाच्याने प्रोग्राममध्ये नावं फार लांब ठेवलीत. एकेक नाव वाचायला मलाच इतका वेळ लागतो, मग कॉम्प्युटरला किती लागत असेल? सगळी नावं कापून एका अक्षराची केली. दोन वेगळ्या गोष्टींना चुकून एकच अक्षर पडलं. प्रोग्राम गेला. जुना परत आणला, पुन्हा कापला. दोरीचं काम तसंच राहिलं, पण प्रगती म्हटली की मागे काहीतरी राहणारच.

स्पीड : होता तेवढाच. पण सुटसुटीत वाटतो.

८ जून
कॉम्प्युटर तापतो. तापलेला माणूस तरी कुठे पटापट काम करतो? खोलीतला टेबलफॅन कामावर नेला. फॅन माझ्या खोलीतल्या सोबत्याचा आहे. तो रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. बोलत काहीच नाही, नुसते सुस्कारे टाकतो, म्हणून त्याचं नाव सुस्कारा. फॅन नेऊ का विचारलं. त्याने सुस्कारा टाकला. होकारच धरला.

संध्याकाळी परतलो तर तो ओला टॉवेल अंगावर घेऊन बसलेला. आज त्याने लागोपाठ सुस्कारे टाकले. काहीतरी घरगुती अडचण असेल बिचाऱ्याची.

१० जून
मोठं पाऊल! प्रोग्राम प्रत्येक चौकटीपासून आठही दिशांना बघतो. आठ! सरळमार्गी माणसाला इतक्या दिशा लागत नाहीत. उलट्या बाजूच्या सगळ्या काढून टाकल्या. वेळ निम्मा! मालकांचा डबा संपला आणि ते दात कोरत असतानाच उत्तरं हजर. चष्मा पुसून घातला.

मग काकूंनी कागद बघितला. 'कंदील' कुठाय, 'पायरी' कुठाय, 'वादळ' कुठाय? प्रत्येकापुढे प्रोग्रामने लिहिलेलं : सापडला नाही. सापडला नाही. सापडला नाही. काकू म्हणाल्या, अरे बाबा, तुला उलटं वाचता येत नाही म्हणून माझ्या शब्दांनी सरळ झोपायचं का? मी म्हटलं, काकू, तुम्हीच सरळ लपवा ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच दिशा परत घातल्या.

मालक म्हणाले, दोरी.

मात्र एक कायमची सुधारणा केली. ते सतत 'सापडला नाही, सापडला नाही' मला अपशकुनी वाटतं. ती ओळच काढून टाकली. आता शब्द सापडला नाही तर प्रोग्राम गप्प बसतो. चारचौघांत ओरडण्यापेक्षा हे बरं.

१२ जून
आजचा दिवस मी विसरणार नाही. शोध लागला, आणि तोही कॉम्प्युटरकडे न बघता.

काकूंच्या टेबलाजवळ गठ्ठे बांधत होतो. काकू जाळी भरायला बसतात तेव्हा पंख्याने कागद उडू नये म्हणून डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यावर चहा ठेवतात. कप कसला, लहान बादलीच, आणि खाली तेवढीच भक्कम बशी. शब्द लपवून होईपर्यंत बशी तिथेच. शेवटी बशी उचलतात आणि खालच्या रिकाम्या चौकटींत येतील ती अक्षरं टाकून मोकळ्या होतात.

म्हणजे त्या कोपऱ्यात शब्द असूच शकत नाही!

जुनी पुस्तकं काढून बघितली. एक नाही, दोन नाही, बघितलेल्या प्रत्येक जाळीत डावीकडचा खालचा कोपरा पोकळ. काकूंना स्वतःलाही पत्ता नाही. भाच्याला नाही. मला आहे. प्रोग्रामला सांगून टाकलं, त्या कोपऱ्यात जायचंच नाही, तिथे नुसता चहा आहे.

वेळ चांगलाच उतरला. मालकांची झोप लागायच्या आत उत्तरं, आणि सगळेच्या सगळे शब्द! काकूंनी दोनदा मोजले. मालकांनी विचारलं, काय केलंस? म्हटलं, आतली गोष्ट आहे. ते म्हणाले, हात धुवेपर्यंत नाही झालं, पण बरं आहे. विशेष अंक तुझ्या प्रोग्रामवर काढू, मग टेबलाचं बघू. 'बघू' म्हणाले. 'नाही' म्हणाले नाहीत!

धाकटीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, दादा, आणि काकूंनी कप दुसरीकडे ठेवला तर? म्हटलं, वेडे, किती वर्षांची सवय आहे, मरेपर्यंत हलायची नाही. ती म्हणाली, तू निदान पडद्यावर लिहिणं तरी बंद कर. हट्टी आहे. आईवर गेली.

१४ जून
काकूंना पित्ताचा त्रास. आज छातीवर हात ठेवून ढेकरांवर ढेकर. मला बघवेना. व्हिडिओ दाखवला, 'चहा : पोटातला गुप्त शत्रू'. त्यात एक डॉक्टर फार ओरडून समजावतो. काकूंनी पुन्हा पुन्हा बघितला. मग उठल्या, कपबशी विसळली आणि खिडकीत उपडी घातली. चहा बंद म्हणाल्या. आजपासूनच.

लोक म्हणतात मला स्वतःपलीकडे दिसत नाही. घ्या! एका बाईचं पित्त मी नुसत्या फोनने घालवलं.

१५ जून
काकू विशेष अंकाच्या जाळ्या भरतायत. पंख्याकडे पाठ करून बसतात आता. जरा चिडचिड आहे, पण हात सुसाट. मला म्हणाल्या, अरे, चहा सोडला आणि कागदच मोठा झाल्यासारखा वाटतोय बघ, जागाच जागा! आरोग्य सुधारलं की माणसाला दृष्टीही येते. व्हिडिओत हे पुढच्या भागात असणार.

१६ जून
विशेष अंकाच्या सगळ्या जाळ्या प्रोग्रामला दिल्या. पळाला! एकदाही तक्रार नाही, अडखळणं नाही. एवढंच नाही, तर उत्तरांची पानं नेहमीपेक्षा कमी भरली. म्हणजे वेळेबरोबर कागदाचीही बचत. हे मी मालकांच्या मुद्दाम लक्षात आणून दिलं. ते खूश. काकूंनी विचारलं, मोजून बघू का रे? म्हटलं, काकू, तुम्ही आता फक्त तब्येत बघा.

अंक छापायला गेला. नेहमीच्या दुप्पट प्रती.

घरी फोन करून सांगितलं, पंधरा हजार पक्के, तीस तारखेला. बाबांनी मामाला कळवून टाकलं की पोरगी गल्ल्यावर येणार नाही. मामा बाबांशी तोडून बोलला म्हणे. बोलू दे. धाकटीने विचारलं, उत्तरं कोणी तपासली? म्हटलं, मी. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं! शाबास वगैरे काही पद्धत आहे की नाही?

१९ जून
अंक दुकानांत. आजपासून दोरी डाव्या हातानेच बांधतोय. उजवा टेबलासाठी राखून ठेवलाय. पहिल्या तीन गठ्ठ्यांच्या गाठी सुटल्या.

२२ जून
सकाळी फोन. एक रिटायर मास्तर. म्हणाले, यादीत 'शिंपला' आहे, उत्तरांत नाही. मला मात्र सापडलाय, तो काय तुमच्यापासून लपवून ठेवू? म्हटलं, गुरुजी, तुम्ही आमच्याही पुढे गेलात, अभिनंदन. ते म्हणाले, अभिनंदन तुझ्यापाशीच ठेव, नववीच्या गणिताइतकी तरी काळजी घ्यायची. नेमकी नववीच कशी काढली?

दुसरा फोन. एक बाई. सासूबाई म्हणतात कोड्यात 'पणती' आहे, मी म्हणते उत्तरांत नाही म्हणजे नाही, कालपासून आम्ही बोलत नाही, तुम्ही काय ते सांगा. मी सांगितलं, सासूबाईंचं वय बघता तुम्हीच पडतं घ्या. त्यांनी मालकांना फोन द्यायला सांगितला.

तिसरा, चौथा, पुढचे ताईंनी घेतले. जेवणापर्यंत रिसीव्हर काढूनच ठेवला. मला दुसऱ्या छापखान्याचा डाव वाटला. तसं मालकांना सांगितलंही.

मग काकू एक अंक घेऊन आल्या. एका जाळीवर बोट ठेवलं. डावीकडचा खालचा कोपरा. पान उलटलं. डावीकडचा खालचा कोपरा. पुढचं पान. बोट तिथेच. प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन, तीन-तीन शब्द, दाटीवाटीने, मजेत बसलेले.

मी खिडकीकडे बघितलं. कपबशी उपडीच होती. कोरडी ठणठणीत.

२३ जून
दोष कोणाचा, याचा शांतपणे विचार केला. पहिला, त्या ओरडणाऱ्या डॉक्टरचा. दुसरा काकूंचा. कोणीही फोनवर काहीही दाखवलं की लगेच ऐकायचं का? तिसरा धाकटीचा, कप हलण्याचं तिनेच आधी तोंडातून काढलं. चौथा भाच्याचा, तो कायमच असतो. माझं नाव यादीत कुठेही सापडलं नाही.

मालकांना मात्र सापडलं. 'सापडला नाही' ही ओळ कोणी काढली, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. ती असती तर छापायच्या आधीच कळलं असतं म्हणे. मी म्हटलं, मला नकारात्मक बोलणं आवडत नाही. ते म्हणाले, मलाही नाही आवडत, पण आता बोलतो. आणि बोलले. कागद कापणाऱ्यालासुद्धा आज ऐकू आलं.

निकाल : राहिलेल्या शब्दांची चिठ्ठी छापायची आणि दुकानांतून परत आलेल्या प्रत्येक प्रतीत चिकटवायची. चिठ्ठ्यांचा खर्च माझ्या पगारातून. चिकटवणार मी.

२४ जून
चिकटवतोय.

२५ जून
चिकटवतोय. बोटं एकमेकांना चिकटली, ताईंनी गरम पाण्याने सोडवली. काकूंनी पुन्हा चहा सुरू केला. म्हणाल्या, पित्त परवडलं, तुझी सेवा नको. कप बशीसकट परत कोपऱ्यावर. आता काय उपयोग!

मालकांनी भाच्याला फोन लावला. भाचा म्हणे हसत सुटला. ते पडद्यावर लिहिणं मी तपासण्यापुरतं ठेवलं होतं, काढायचं राहून गेलं, सगळा वेळ तेच खातंय, म्हणाला. पहिल्या अक्षराचंही बोलला. शब्दाला शब्द धाकटीचंच. दोघांनी एकच व्हिडिओ बघितलेला असणार.

आता भाच्याकडून ते करून घ्यायचं म्हणजे मालक त्याचे उपकार आयुष्यभर ऐकवणार. म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे.

२६ जून
धाकटीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. मध्येच म्हणाली, दादा, ही सगळी नावं एका अक्षराची कोणी केली? म्हटलं, भाच्याने. कोपरा परत घातला. मी काढलेली 'सापडला नाही'ची ओळ परत आणली. पडद्यावर लिहिणं बंद. पहिलं अक्षर नाही जुळलं की पुढे चालू पडायचं. एवढंच. मला वाटलं होतं जरा तरी अवघड असेल.

मालकांनी डब्याचं झाकण उघडलं, मी बटण दाबलं. पडदा काळा. काही पळेना. म्हटलं, घ्या, बंद पाडलास. ती म्हणाली, दादा, खाली बघ.

खाली सगळी उत्तरं. कोपऱ्यातलीसुद्धा. मालकांचा चमचा अजून डब्यातच होता.

काकूंनी सगळे शब्द मोजले. बरोबर. मालकांनी विचारलं, हे केलं कोणी? म्हटलं, आमच्या घरात केलं. ते फोनकडे वाकून म्हणाले, पोरी, तुझा कोर्स संपला की मला कळव. मी टेबलाकडे बघितलं. त्यांनी दोरीकडे बघितलं.

मग सगळे पांगल्यावर तिला फीचं सांगायचं होतं. मी चार कारणं तयार ठेवली होती, डॉक्टरपासून सुरुवात करणार होतो. तिने पहिलंच पुरतं ऐकलं नाही. म्हणाली, दादा, उत्तरं तू तपासलीस म्हणालास ना, त्याच दिवशी मी कोर्सच्या ऑफिसात जाऊन हप्त्यांचं विचारून आले. पहिला हप्ता दोन हजार. बाकीचं मी शिकवण्या घेऊन भरीन. दोन हजार तरी जमतील ना? नाहीतर मामा वाटच बघतोय.

भावावर इतका कमी विश्वास! फोन ठेवला आणि जरा वेळ गठ्ठ्यामागे जाऊन बसलो. डिंकाने डोळे चुरचुरतात.

३० जून
पगार. त्यातून चिठ्ठ्यांचा खर्च गेला. सुस्काऱ्याचा फॅन कॉम्प्युटरला वारा घालून घालून जळाला होता, तो भरून दिला. खोलीचं भाडं, खाणावळ. उरलं ते दोन हजारांना थोडं कमी. थोडंच, पण कमी.

धाकटीच्या फीचं सांगून चष्मा सुस्काऱ्याला विकला. दिवसा झोपताना डोळ्यांवर उजेड येतो त्याच्या, निळ्या काचेने बरं वाटेल म्हटलं. त्याने घालून बघितला. पैसे मोजून दिले. आणि आज पहिल्यांदा सुस्कारा न टाकता बोलला. म्हणाला, बहिणीला सांग, नीट शिक. हप्ते मात्र मीच भरायचेत. चष्म्याचे.

पैसे पाठवायच्या खिडकीवर फॉर्म भरला. पाठवणाऱ्याचा व्यवसाय : प्रोग्रामर लिहिलं. मग खोडलं. मग 'कॉम्प्युटरजवळ' लिहिलं, ते खोटं नाही. रक्कम आकड्यात लिहिली, अक्षरात लिहिली. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. म्हणाल्या, पुढे 'फक्त' लिहा. विचारलं, कशाला? म्हणाल्या, लिहिलं की पुढे कोणाला काही वाढवता येत नाही. म्हटलं, बाई, कोणी वाढवलं तर मी पाया पडेन त्याच्या. त्या हसल्या नाहीत. मागे रांग होती.

लिहिलं.

दोन हजार फक्त.